चित्रपट दोघांनी केला, पण तो कोणाचा?

वाचकांचे प्रश्न : कला आणि कायदा

प्रश्न : मी आणि माझा मित्र महाविद्यालयात असताना एकांकिका स्पर्धांमधून एकत्र काम करू लागलो आणि पुढे दोघांनी मिळून स्वतःचा मराठी चित्रपट करायचे ठरवले. गोष्टीचे बीज त्याच्या आजोळी घडलेल्या एका प्रसंगात होते. त्यावरून पटकथा आणि संवाद मी एकट्याने लिहिले व दिग्दर्शनही मीच केले. त्याने १४ लाख रुपये उभे केले, मी बचतीतून ६ लाख घातले. ‘जे काही मिळेल ते दोघांचे’ एवढेच बोलणे झाले होते. इतक्या जुन्या मैत्रीत कागद करणे दोघांनाही प्रशस्त वाटले नाही. बहुतेक कलाकार-तंत्रज्ञांनी ‘चित्रपट विकला गेला की मानधन द्या’ या बोलीवर काम केले. मी केलेले पहिले संकलन दोन तास अकरा मिनिटांचे आहे. मित्राला ते संथ वाटले. मला न विचारता त्याने दुसऱ्या संकलकाकडून शंभर मिनिटांची आवृत्ती करून घेतली, शेवट बदलला आणि ती एका महोत्सवाकडे पाठवून दिली. तिच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून माझ्या नावाशेजारी त्याचेही नाव आहे. सगळ्या हार्ड डिस्क त्याच्याकडे आहेत. पैसे त्याचे जास्त आणि गोष्टही त्याच्याच घरातली, म्हणून चित्रपट त्याचा, असे तो आता म्हणतो. चित्रपट खरोखर कोणाचा? मी माझे नाव काढून घेऊ शकतो का? तीच पटकथा घेऊन पुन्हा चित्रपट करू शकतो का? आणि माझ्या सहा लाखांचे काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : मालकीच्या चर्चेआधी एक तातडीची गोष्ट सांगतो, कारण तिला उशीर झाला तर बाकीच्या प्रश्नांना अर्थ उरणार नाही. मूळ रशेस (म्हणजे संकलनापूर्वीचे कच्चे चित्रीकरण), ध्वनीच्या फाइली आणि दोन्ही संकलनांचे प्रोजेक्ट यांची पूर्ण प्रत आज केवळ एका माणसाच्या घरातील डिस्कवर आहे. भांडण मिटो वा चिघळो, त्या सामग्रीच्या दोन प्रती तयार करून त्यांपैकी एक दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडे ठेवावी, अशी लेखी विनंती मित्राला आजच करा. त्या पत्रात दुसरा कोणताही आरोप घालू नका. ही विनंती नाकारणे कोणालाही जड जाते, आणि नाकारलीच तर पुढे न्यायालयाकडून सामग्रीच्या जतनाचा आदेश मागताना तेच पत्र आपल्या उपयोगी पडेल. आपल्याकडे असलेली आवृत्ती रागाच्या भरात इंटरनेटवर टाकण्याचा मोह मात्र टाळा. आधी ऑनलाइन प्रसिद्ध झालेला चित्रपट अनेक महोत्सव स्वीकारत नाहीत, आणि त्या एका कृतीने दोष आपल्याकडे येतो.

आता मालकी. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ पाहिला तर दिग्दर्शकाच्या वाट्याला निराशाच येते. या कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा ‘कर्ता’ हा निर्माता असतो, आणि चित्रपट घडवण्यासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती ही निर्मात्याची व्याख्या आहे. मुख्य दिग्दर्शकालाही निर्मात्याबरोबर सहकर्ता मानावे, असा प्रस्ताव २०१० च्या दुरुस्ती विधेयकात होता. संसदीय समितीने त्याला विरोध केला आणि २०१२ मध्ये कायदा दुरुस्त झाला तेव्हा तो प्रस्ताव त्यात राहिला नाही. दिग्दर्शनाला सर्जनाचे सर्वोच्च स्थान देणाऱ्या आपल्या पिढीला हे विचित्र वाटेल, मलाही ते पटत नाही. पण ‘दिग्दर्शन माझे म्हणून चित्रपट माझा’ हा युक्तिवाद आज टिकणार नाही, हे आपण गृहीत धरूनच चालावे.

मित्राचा ‘पैसे माझे म्हणून चित्रपट माझा’ हा युक्तिवादही तितकाच लंगडा आहे. व्याख्येत पैशाचा शब्द नाही, पुढाकार आणि जबाबदारी हे शब्द आहेत. चित्रीकरणाच्या परवानग्यांवर सही कोणाची आहे, कॅमेरा आणि लाइट्सची बिले कोणाच्या नावे निघाली, कलाकारांशी बोलणी कोणी केली, बॅनर व शीर्षकाची नोंदणी कोणाच्या नावे आहे, खर्च कोणत्या खात्यातून झाला, या कागदांवरून निर्माता कोण हे ठरते. आपण सहा लाख घातले आहेत आणि बहुधा यांतील पुष्कळ कामे आपणच केली असतील. तसे असेल तर आपण दिग्दर्शक म्हणून जे मागू शकत नाही, ते सहनिर्माता म्हणून मागू शकता. म्हणून ‘मी कलावंत, तो व्यवहार पाहणारा’ ही भाषा, जी आपल्या पत्रात दोन-तीन ठिकाणी डोकावते आणि जी मी इथे छापताना वगळली आहे, ती आपल्याच हिताच्या विरुद्ध आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा भागीदारीचा आहे. ‘जे काही मिळेल ते दोघांचे’ असे म्हणून दोघांनी पैसे आणि श्रम एकत्र केले, तेव्हा कागद नसला तरी बहुधा भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार भागीदारी निर्माण झाली. एकाच उपक्रमापुरती भागीदारी त्या कायद्याला मान्य आहे. भागीदारीसाठी तयार झालेला चित्रपट भागीदारीची मालमत्ता ठरतो, आणि ती मालमत्ता एका भागीदाराने स्वतःची म्हणून वापरणे, मग ते नवे संकलन असो वा महोत्सवाची प्रवेशिका, योग्य नाही. आपल्या मित्राला हे सांगण्यासारखे आहे. पण याच कायद्यात आपल्याला न आवडणारी एक गोष्टही दडलेली आहे, आणि ती आधीच माहीत असावी.

भांडवल १४ आणि ६ लाखांचे असल्याने नफा-तोटाही त्याच प्रमाणात वाटला जाईल, असे सर्वसाधारणपणे सगळे समजतात. कायदा तसे म्हणत नाही. वेगळा करार नसेल तर नफा भागीदारांत समान वाटला जातो आणि तोटाही समानच सोसावा लागतो. हिशेब मिटवताना क्रम असा असतो, की आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदाराने भांडवलाखेरीज उसनी दिलेली रक्कम, त्यानंतर ज्याचे त्याचे भांडवल आणि शेवटी उरलेला नफा. समजा चित्रपट विकलाच गेला नाही आणि २० लाख बुडाले. समान वाटणीने प्रत्येकाच्या वाट्याला दहा लाखांचा तोटा येतो. मित्राचे १४ गेले आहेत, आपले ६. म्हणजे आपले सहा लाख परत मिळणे दूरच, मित्र आपल्याकडे आणखी चार लाख मागू शकतो. शिवाय कलाकार-तंत्रज्ञांचे थकलेले मानधन हे ‘बाहेरच्यांचे देणे’ आहे आणि ते आपण दोघे एकेकट्यानेही पूर्ण देण्यास बांधील आहात. ‘माझे सहा लाख परत द्या’ अशी नोटीस पाठवण्याआधी हे गणित आपल्या वकिलांसमोर मांडा. मित्राच्या वकिलांना ते सुचणारच आहे.

भागीदारीची नोंदणी झालेली नाही, म्हणून आपल्याला न्यायालयात जाताच येणार नाही, असे कोणी सांगितले तर ते अर्धसत्य आहे. नोंदणी नसेल तर करारातून आलेल्या हक्कासाठी भागीदारावर दावा करता येत नाही हे खरे. पण भागीदारी विसर्जित करणे आणि विसर्जित भागीदारीचा हिशेब मागणे यांना केंद्रीय कायद्यातच अपवाद आहे. महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून तो अपवादही बव्हंशी काढून घेतला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. जुन्या पुस्तकांवरून सल्ला देणाऱ्यांकडून ही दुरुस्ती अजूनही ऐकू येते, म्हणून मुद्दाम सांगितले.

पटकथेबाबत मात्र आपली बाजू भक्कम आहे. चित्रपटाच्या मालकीमुळे त्यातील साहित्यकृतीचा वेगळा हक्क नाहीसा होत नाही, आणि साहित्यकृतीचा हक्क हस्तांतरित व्हायचा तर लेखकाची सही असलेला लेखी कागद लागतो. तोंडी ‘घे, तुझीच आहे’ म्हटल्याने तो जात नाही. सत्यजित राय यांच्या १९६६ च्या ‘नायक’ या चित्रपटाच्या पटकथेवर आधारित पुस्तकावरून निर्मात्याच्या बाजूने दावा दाखल झाला होता. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पटकथेचा हक्क निर्मात्याचा नसून राय यांचा असल्याचे म्हटले. आपण कागदावर सही केलेली नसेल तर मित्राला फार तर हा एक चित्रपट करण्यापुरती परवानगी दिली गेली, असे मानता येईल. लेखक संघटनेत पटकथेची नोंद केली असेल तर ती प्रत शोधून ठेवा. ती अमुक तारखेला हा मजकूर आपल्याजवळ होता याचा पुरावा असते. मालकीचे प्रमाणपत्र मात्र नसते.

गोष्ट मित्राच्या आजोळची असल्याने पटकथाही त्याची होत नाही. कल्पना, विषय किंवा घडलेला प्रसंग यांवर स्वामित्व हक्क नसतो, त्यांच्या विशिष्ट मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पण तो रात्री बसून प्रसंग सांगत होता, संवाद सुचवत होता आणि त्याचे लेखन आपल्या लेखनात वेगळे काढता येणार नाही असे मिसळले होते, असे निघाले, तर संयुक्त लेखनाचा प्रश्न उभा राहील. आपण ‘एकट्याने’ लिहिले असे म्हणता. जुने ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण पुन्हा एकदा वाचून त्या शब्दाची खात्री करून घ्या. हे संभाषण पुरावा म्हणून दाखवायचे झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, त्यामुळे फोन बदलू नका आणि संदेश पुसू नका.

तीच पटकथा घेऊन दुसरा चित्रपट करण्याचा हक्क, वरील सर्व आपल्या बाजूने धरल्यास, कागदोपत्री आपल्याकडे राहतो. तरीही तो आत्ता वापरू नका. पटकथा मी भागीदारीतच घातली आणि आता त्याच भागीदारीशी स्पर्धा करतो आहे, असा आरोप आपल्यावर येऊ शकतो. शिवाय पहिल्या चित्रपटाचा खरेदीदार पुनर्निर्मितीचे हक्क जवळजवळ नेहमीच मागतो, ते देता आले नाहीत तर आपलाच २० लाखांचा माल पडून राहील. पहिल्या चित्रपटाची एकही चौकट दुसऱ्यात वापरता येणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

नावाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५७ नुसार लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड थांबवण्याचा विशेष हक्क असतो, आणि हक्क विकल्यावरही तो जात नाही. पटकथालेखक म्हणून तो आपल्याला आहे. दिग्दर्शक मात्र कायद्याच्या दृष्टीने ‘कर्ता’ नसल्याने दिग्दर्शनाच्या श्रेयासाठी या कलमाचा थेट आधार मिळणे कठीण. तिथे आपापसांतील बोलणी, चित्रीकरणाच्या वेळची क्लॅपवरील नावे, कॉल शीट, प्रसिद्धिपत्रके हाच आधार. बदललेल्या शेवटाबद्दल तक्रार करायची तर ‘मला आवडला नाही’ एवढे पुरत नाही, त्या बदलाने लेखक म्हणून आपल्या प्रतिष्ठेला बाधा येते हे दाखवावे लागते. कापलेली एकतीस मिनिटे त्या कसोटीला उतरतील असे मला वाटत नाही, बदललेला शेवट कदाचित उतरेल.

नाव काढून घेण्याची औपचारिक सोय आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेने २००० सालापर्यंत ‘ॲलन स्मिथी’ हे काल्पनिक नाव अशा प्रसंगांसाठी ठेवले होते, आपल्याकडे सगळे संमतीनेच व्हावे लागते. मी आपल्याला नाव काढून घेऊ नका असेच सुचवेन, निदान तडजोडीचे बोलणे संपेपर्यंत. आपण बाहेर पडलात की बदल रोखण्याचा नैतिक आधार जातो, आणि तोट्यातला वाटा मात्र जात नाही.

भागीदारीत मैत्री असली की कागद नको, ही समजूत आपल्या चित्रपटसृष्टीला नवी नाही आणि तिचे परिणामही नवे नाहीत. दादासाहेब फाळके १९१८ मध्ये नाशिकला भागीदारांसह हिंदुस्तान कंपनी काढून बसले आणि मतभेदांमुळे काही काळ सगळे सोडून काशीला गेले. १९२९ मध्ये कोल्हापुरात भागीदारीत उभ्या राहिलेल्या ‘प्रभात’मधून व्ही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ‘राजकमल’ काढली, तेव्हा त्यांनी दिग्दर्शित केलेले आधीचे चित्रपट ‘प्रभात’चेच राहिले. जाणारा माणूस कितीही मोठा असला तरी चित्रपट संस्थेकडे राहतो. आपल्या बाबतीत मात्र ‘संस्था’ म्हणजे आपण दोघेच, त्यामुळे कोणी कोणाला सोडून जाऊच शकत नाही, ही खरी अडचण आहे.

म्हणून न्यायालयाआधी समझोत्याचा प्रयत्न करा. यामागे मवाळपणा नाही, व्यवहार आहे. आपल्याकडे आज ‘चेन ऑफ टायटल’ नावाची, चित्रपटाचे हक्क कोणाकडून कोणाकडे आले हे दाखवणारी जी कागदांची साखळी प्रत्येक ओटीटी कंपनी आणि वितरक मागतो, तिची पहिलीच कडी नाही. वादात असलेला चित्रपट कोणी विकत घेत नाही, म्हणजे मित्राची शंभर मिनिटे आणि आपली एकशे एकतीस मिनिटे यांची आजची किंमत सारखीच आहे. चित्रपट क्षेत्रातील दोघांना मान्य अशी एखादी ज्येष्ठ व्यक्ती मध्यस्थ म्हणून घ्या, आणि बोलणीचा विषय ‘चूक कोणाची’ हा न ठेवता ‘करारात काय लिहायचे’ हा ठेवा. माझ्या मते त्या करारात पैशाचा क्रम आधी यावा : येईल त्या रकमेतून प्रथम थकीत मानधन, मग १४ आणि ६ च्या प्रमाणात भांडवलाची वसुली, मग समान नफा, आणि तोटा झाल्यास ज्याचा त्याने सोसायचा. वर सांगितलेल्या चार लाखांच्या धोक्यातून आपल्याला वाचवणारे हे कलम आहे, आणि नफ्याआधी त्याचेही भांडवल वसूल होत असल्याने मित्रालाही ते रुचावे. त्याबदल्यात पटकथेचा या चित्रपटापुरता लेखी हक्क आपण भागीदारीला द्यावा. तो देताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा, कारण लिहिले नाही तर कायदा मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश भारतापुरता धरतो, आणि अशा कागदावर परदेशी विक्री होत नाही. कलाकारांच्याही लेखी संमती घ्या, आज त्या आपल्याकडे नाहीत असे पत्रावरून दिसते.

अंतिम संकलनाबद्दल माझे मत विचारलेले नाही, तरी सांगतो. दोघांपैकी कोणाचीही आवृत्ती अंतिम न मानता, दोघांशी संबंध नसलेल्या संकलकाला दोन्ही दाखवा, आणि शेवट मूळ पटकथेतला राहील एवढी एकच अट घालून लांबीबाबत त्याचे म्हणणे मान्य करा. मित्राला चित्रपट संथ वाटला, हे त्याच्या लबाडीचे लक्षण आपण मानले आहे. ते प्रेक्षकाचे मतही असू शकते. दिग्दर्शनातील जोडीचे श्रेय मात्र देऊ नका. त्याला निर्माता आणि ‘मूळ कथाकल्पना’ असे श्रेय द्या, ते त्याचे आहेच. महोत्सवाला या काळात, शक्यतो दोघांच्या सहीने, एवढेच कळवा की पाठवलेली आवृत्ती अंतिम नाही.

बोलणी फसली तर वेळ दवडू नका. तातडीचा मनाई आदेश मागायचा नसेल तर व्यापारी स्वरूपाच्या दाव्याआधी मध्यस्थीची पायरी ओलांडावी लागते. तातडी असेल तर थेट जाता येते. स्वामित्व हक्काचा दावा आपण राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दाखल करता येतो. पण प्रदर्शन दोन दिवसांवर आले असताना स्थगिती मागायला येणाऱ्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार ताशेरे ओढले आहेत. आपल्याला आज सगळे ठाऊक आहे आणि हे पत्र त्याचा पुरावा आहे, त्यामुळे ‘मला उशिरा कळले’ असे उद्या म्हणता येणार नाही.

प्रश्न : मी छायालेखक आहे. एका स्वतंत्र चित्रपटाचे दोन निर्माते आपसांत भांडले आणि माझे दीड लाख रुपये मानधन अडकले. दोघेही ‘दुसऱ्याकडे माग’ म्हणतात. मूळ रशेसची एक प्रत माझ्या ड्राइव्हवर आहे. पैसे मिळेपर्यंत ती देऊ नये, असे सहकारी सांगतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ड्राइव्ह अडवून ठेवू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा हक्क करार कायद्यात काही परिस्थितींत आहे, पण दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाला तो जसा लागू होतो तसा चित्रपटाच्या डेटाला होईलच असे नाही, आणि उद्या चित्रपट रखडल्याचे खापर आपल्यावर फुटेल. प्रत सुरक्षित ठेवा, ती उपलब्ध असल्याचे दोघांनाही लेखी कळवा आणि त्याच पत्रात मानधनाची मागणी करा.

दोघे भागीदार असतील तर ‘दुसऱ्याकडे माग’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही; पूर्ण रक्कम आपण कोणाही एकाकडून वसूल करू शकता, त्यांची आपसांतील वाटणी हा त्यांचा प्रश्न. काम घेण्याआधीच आपली ‘उद्यम’ नोंदणी झालेली असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार, थकीत देयकांचे वाद हाताळणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. त्या कायद्यात देयकाची कमाल मुदत ४५ दिवस आहे आणि उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. नोंदणी नसेल तर साधा दिवाणी दावा. मानधनाची तारीख ठरलेली नसल्यास त्याची मुदत काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे असते. ती संपण्याच्या आत निर्मात्यांनी देणे लेखी मान्य करून सही केली, किंवा रकमेतला काही भाग बँकेतून दिला, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. आपल्या पत्रावर दोघांच्याही सह्या मिळवण्याचा प्रयत्न करा. एकच मिळत असेल तर तीही घ्या, आणि ती व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर न भागवता कागदावर घ्या.